‘वापरून सैल होईल, ताई’ म्हणणाऱ्या भाऊंस

मु. पो. कुंभार पिंपळगाव,
ता. घनसावंगी, जि. जालना

श्री. भाऊ यांस,



आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. म्हणजे बाकीचे खुशाल आहेत, मी पलंगावर आहे. संध्याकाळी पाच वाजले की दोन्ही पाय दोन उशांवर चढवून ठेवायचे, असा डॉक्टरांचा हुकूम आहे. अशा अवस्थेत माणसाला दोनच कामं सुचतात: छताच्या पत्र्याला पडलेली भोकं मोजणं आणि जुने हिशेब काढणं. भोकं परवाच मोजून झाली.

तुम्ही मला ओळखणार नाही. ओळख पटवते. मे १९९८. औरंगाबाद (तेव्हा ते औरंगाबादच होतं). लग्नाचा बस्ता बांधून झाला होता, आईच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, मामांच्या हातात यादी होती आणि यादीतली शेवटची ओळ होती ‘नवरीची सँडल’. तुमच्या दुकानात पंखा होता म्हणून आम्ही शिरलो. काचेच्या कपाटात ती उभी होती: साईच्या रंगाची, अडीच इंच टाचेची, पुढे अशी निमुळती की टोकाने आंबा कापता यावा. मी म्हणाले, सहा नंबर दाखवा. तुम्ही मान वर करून माळ्याकडे आवाज दिला. माळ्यावरून पोरगा ओरडला, “सहा संपला!” आणि तुम्ही, श्वासही न घेता, माझ्याकडे वळून म्हणालात, “पाच घ्या ताई. अस्सल चामडं आहे. वापरून सैल होईल.”

भाऊ, इतक्या विश्वासाने बोललेलं वाक्य मी त्यानंतर फक्त निवडणुकीच्या सभांत ऐकलं.

तुम्ही खाली बसलात, चमच्यासारखा तो पत्रा टाचेमागे घातलात आणि माझा पाय आत सारलात. मग अंगठ्याने पुढचं टोक दाबून आईला दाखवलंत, “बघा मावशी, अजून बोटभर जागा आहे.” जागा होती, खरंच होती. पण ती टोकाच्या पुढे होती, जिथे कोणाच्याच पायाची बोटं जात नाहीत. बोटं होती त्या ठिकाणी पाच जणांना तिघांची खोली दिलेली होती. आणखी एक गोष्ट मला स्पष्ट आठवते. गुडघ्यावर बसलेल्या तुमच्या स्वतःच्या पायांत निळ्या पट्ट्याची रबरी स्लिपर होती, पाचही बोटं मोकळी, ऐसपैस. हलवाई स्वतःची मिठाई खात नाही म्हणतात, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

पाच आणि सहा यांत फरक तो किती? मी आता वाचून काढलंय, वेळ भरपूर आहे. आपण वापरतो ते नंबर इंग्रजांचे. त्यांच्या एका नंबराची वाढ म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आतबाहेर. जवाच्या एका दाण्यासाठी तुम्ही गिऱ्हाईक सोडलं नाहीत, आणि मी लग्नाची घाई सोडली नाही. शिवाय हा नंबर फक्त लांबी सांगतो. पाय पंजाशी किती रुंद आहे, हे आपल्याकडे डब्यावर लिहिलेलंच नसतं. जणू बायकांचे पाय म्हणजे भेंड्या.

आमच्या गावाच्या नावातच कुंभार आहेत. मडकं चाकावरून उतरल्यावर कुठला कुंभार “घेऊन जा, वापरून मोठं होईल” असं म्हणालेला मी तरी ऐकला नाही.

आमच्या शेजारचं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. समर्थ १६०८ साली रामनवमीला जन्मले आणि पुढे बोहल्यावर ‘सावधान’ ऐकताच पळाले, ही गोष्ट इथे शेंबडं पोरही सांगतं. ते पळू शकले याचं कारण आता मला समजतं. पायांत तुमच्या दुकानाचा जोड असता तर उंबऱ्यापर्यंत पोचेस्तोवर मामाने दंडाला धरून परत आणलं असतं. महाराष्ट्राला दासबोधाऐवजी जांबात आणखी एक सुखी संसार मिळाला असता. मी तर सावधान हा शब्द ऐकलाही नाही. माझं सगळं लक्ष मांडवाच्या दाराशी काढून ठेवलेल्या त्या जोडात परत पाय कसा घालायचा, याच्यात होतं.

बरं, एकदा फसले ते सोडा. मी प्राथमिक शाळेत लागले आणि दर दीड-दोन वर्षांनी तुमच्याकडे येत राहिले. सँडल झाल्या, मग कटशूज झाले, काळे, तपकिरी, एकदा तर मरून. फळ्यासमोर दिवसाचे पाच तास उभं राहायचं, एसटीच्या दांड्याला लोंबकळत घरी यायचं आणि आल्या आल्या ओसरीवर बसून जोड असा भिरकवायचा की कोंबड्या पळाव्यात. दर वेळी तुम्ही तेच वाक्य म्हणायचात आणि मी दर वेळी नव्याने ऐकायचे. याचा दोष तुमच्यावर टाकत नाही. शाळेत ‘मॅडमच्या पायांत काय आहे’ हे बघणाऱ्या बायकांची संख्या पोरांहून जास्त होती, आणि मला ते आवडायचं.

चाळिशीच्या सुमाराला अंगठ्याच्या मुळाशी, दुसऱ्या पायाकडच्या बाजूला, एक गाठ वर आली. सुपारीएवढी, लालसर, वरून चकचकीत. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलायला लागला, लग्नाच्या पंगतीत कानात सांगायला वाकलेल्या बाईसारखा.

गावाने निदान करायला वेळ लावला नाही. “कुरूप आहे, दुसरं काय!” शेजारच्या काकूंनी बिब्बा घातला. कुरपावर बिब्बा घालतात, पण हे कुरूप नव्हतंच. बिब्बा उतला, पाय टरारून फुगला आणि पंधरा दिवस मी पदराने वारा घालत बसले. मग एरंडाचं पान गरम करून बांधलं. मग हळद-चुना. मग मुलीने मोबाइलवरून रात्री बांधायचा एक पट्टा मागवला. तो बांधून झोपलं की अंगठा सरळ दिसायचा आणि सोडला की चहा उकळेपर्यंत परत वाकडा. मग सिलिकॉनची एक गुट्टी आली, अंगठा आणि बोट यांच्या मध्ये घालायची. ती पाहून सासूबाई म्हणाल्या, “ही तर खडावांची खुंटी!” खरंच की. बिनखडावांची खुंटी साडेतीनशे रुपयांना घेतली होती मी. दुखणं थोडं कमी व्हायचं, हाड मात्र जागचं हललं नाही. मोठ्या माणसाचं हाड असल्या गुट्ट्यांना दाद देत नाही, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं.

ते डॉक्टर माझ्या पहिल्या तुकडीतल्या पोरांच्या वयाचे. त्यांनी पाय हातात घेतला आणि म्हणाले, “दोन्ही पायांना बनियन आहे.” सासूबाई सोबत होत्या. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे, आणि विचारलं, “बनियन पायात कशाला घालील ती?” डॉक्टर हसले नाहीत. असं त्यांनी बऱ्याचदा ऐकलं असावं.

उभं करून एक्स-रे काढला. आडवं झोपवून काढला तर हाडं शहाण्यासारखी वागतात, अंगाचं वजन पडलं की खरं रूप दाखवतात. फोटो खिडकीला लावून डॉक्टरांनी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. अंगठा आणि त्यामागचं तळपायातलं लांब हाड यांच्यातला कोन साधारण पंधरा अंशांपर्यंत असला तर चालतं, चाळिसाच्या पुढे गेला की प्रकरण गंभीर. माझा उजवा अडतीस, डावा चौतीस. शाळेत मी कधी कोणाला इतके काठावरचे गुण दिले नाहीत.

आणि इथे, भाऊ, मला तुमची क्षमा मागायची आहे. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही खोटं बोललात. डॉक्टर म्हणाले, “हाड वाढलेलं नाही. हाड सरकलंय.” अंगठा आत ढकलला जातो, त्यामागचं लांब हाड उलट दिशेला फाकतं आणि त्याचं डोकं कातडीखाली उभं राहतं, तीच ती गाठ. त्या सांध्याला दोन्ही बाजूंनी बंध असतात. अंगठा रोज एकाच दिशेला दाबला गेला की एका बाजूचे बंध आखडतात आणि दुसऱ्या बाजूचे ताणून ताणून सैल होतात.

सैल होतात, भाऊ. तुम्ही शब्दाला जागलात. फक्त काय सैल होईल तेवढं सांगायचं राहून गेलं.

पण नुसता तुमच्यावरच ठपका ठेवला तर मास्तरणीला शोभायचं नाही. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, “आईला होतं का?” मी गप्प झाले. आईला होतं. आईने जन्मात टाच असलेली चप्पल घातली नाही. कापूस वेचायला अनवाणी, बाजाराला रबरी चप्पल, लग्नाकार्याला तीच घासून. तरी तिचे दोन्ही अंगठे वाकडे होते. पायाची ठेवण, सांध्यांचा ढिलेपणा हे घराण्यातून उतरतं म्हणे. फरक एवढाच की आईच्या गाठीला घासायला काही नव्हतं, म्हणून ती दुखत नव्हती. तिच्या पायांना मोकळं रान होतं. काळ्या मातीच्या चिखलात तिचा पंजा उमटायचा तो पसरलेला, वाकडा आणि निवांत. तर बी आईकडचं, खतपाणी तुमचं. निम्मा गुन्हा माफ. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र चालू ठेवते.

तुमचा धंदा जुना आहे, हेही मला या पलंगावर कळलं. इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये संशोधकांनी मध्ययुगातले १७७ सांगाडे तपासले आणि २०२१ मध्ये ते छापलं. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत अंगठा वाकडा असलेले सहा टक्के. चौदाव्या-पंधराव्या शतकात लांब टोकाच्या जोड्यांची टूम आली आणि तेच प्रमाण सत्तावीस टक्क्यांवर गेलं. सगळ्यात मजा पुढे आहे. गावाबाहेरच्या खेडुतांच्या दफनभूमीत तीन टक्के, आणि संन्याशांच्या मठात, जिथे मठाला देणग्या देणारे श्रीमंतही पुरले जात, तिथे त्रेचाळीस! ज्यांनी संसार सोडला त्यांनाही टोक सोडवलं नाही, तिथे डी.एड.ची पोरगी काय सोडणार? १४६३ साली तर चौथ्या एडवर्ड राजाच्या काळात कायदाच झाला की सरदारांच्या खालच्या माणसाने दोन इंचांहून लांब टोकाचा जोडा घालू नये. पायांसाठी नव्हे हो, पायरी ओळखू यावी म्हणून. हाँगकाँगमध्ये १९५८ साली पाहणी झाली, त्यात जोडे घालणाऱ्यांत तेहतीस टक्के वाकडे अंगठे आणि अनवाणी राहणाऱ्यांत दोन टक्क्यांच्या आत. आमची आई त्या दोन टक्क्यांतली. नशीब बघा, तिथेही पहिला नंबर.

ऑपरेशनचा निर्णय घ्यायला मी दोन वर्षं घेतली. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी विचारलं होतं, “दुखतंय म्हणून आलात की दिसतंय म्हणून? दिसतंय म्हणून आला असाल तर चहा घ्या आणि घरी जा.” मी चहा घेतला आणि घरी गेले. दुखत होतं, पण रुंद चपलेत सोसवत होतं. मग शेजारचं बोट अंगठ्याच्या पाठीवर चढायला लागलं. जोडवी रुतायला लागली. परिपाठाला राष्ट्रगीताची बावन्न सेकंदं मी एका पायावरून दुसऱ्या पायावर करायला लागले आणि दुसरीतली पोरं माझं बघून तशीच डोलायला लागली. शेवटी रामनवमीला काय झालं ते ऐका. लहानपणापासून आम्ही जांबला पायी जातो. त्या वर्षी मी निम्म्या वाटेत एका मोरीच्या कठड्यावर बसले आणि उठलेच नाही. एका माजी विद्यार्थ्याने मोटारसायकलवरून घरी आणून सोडलं, रामाला पाठ दाखवून. त्या रात्री मी फोन करून तारीख घेतली.

एक पाय की दोन्ही? एक केला तर दुसऱ्यावर भार देऊन लवकर हिंडता येतं. दोन्ही एकदम केले तर सगळ्याला मुकावं लागतं, पण एकदाच. मी हिशेब मांडला: दोनदा रजा, दोनदा भूल, दोनदा सासूबाईंच्या हातची लापशी. दोन्ही करा म्हटलं. डॉक्टरांनी रक्तातली साखर बघितली, तंबाखू-मशेरी विचारली. मशेरीने हाड जुळायला उशीर होतो म्हणाले. मी लावत नाही, पण सोबत आलेल्या जाऊबाईंनी पदर तोंडावर घेतला.

जोडव्यांचं प्रकरण वेगळंच झालं. ऑपरेशनला अंगावर धातू नको. बोट इतकं सुजलेलं की जोडवी निघेनात. साबण लावला, दोरा गुंडाळून ओढली, तेल चोपडलं. सासूबाई कोपऱ्यात देवाचं नाव घेत होत्या. नवरा समोर धडधाकट उभा असताना जोडवी कापायची म्हणजे काय! अखेर सोनाराला घरी बोलावलं. त्याने बारीक कातरीने चांदीच्या चार जोडव्यांना चार काप दिले आणि म्हणाला, “मॅडम, मोडीत घेऊ का नवीन करू?” नवऱ्याने स्वतः सांगितलं, “पुढच्या वेळी उघडझाप होणारी करा.” सत्तावीस वर्षांच्या संसारातलं त्याचं हे सर्वांत समंजस वाक्य.

ऑपरेशन डिसेंबरात झालं. कमरेत इंजेक्शन, कमरेखालचं सगळं परक्याचं, कान मात्र माझेच. बारीक करवतीचा आवाज येत होता. त्या लांब हाडाला लांबीत, झेड अक्षराच्या आकाराचा काप देतात, खालचा तुकडा सरकवतात, जागेवर बसवतात आणि स्क्रूने आवळतात. अंगठ्याच्या हाडातूनही एक छोटी पाचर काढतात. इंग्रजीत त्या झेडसारख्या कापाला सुतारकामातलंच नाव आहे, ‘स्कार्फ’, गळ्यातला नव्हे. दोन वासे लांबीत सांधायला सुतार तिरका काप घेतात ना, तो. घरी आल्यावर मी हे आमच्या आळीतल्या सुतारमामांना सांगितलं, तर ते पायाकडे न बघता म्हणाले, “सांधा बरोबर बसलाय ना? मग शंभर वर्षं जाईल.” डॉक्टरांनी इतकी हमी दिली नव्हती. प्रत्येक पायात तीन स्क्रू, म्हणजे एकूण सहा. बघा भाऊ, सहा नंबर मिळाला शेवटी.

पहिल्या तीन रात्री मी तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो इथे लिहीत नाही, पत्र खुलं आहे. बाहेर रस्त्यावरून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, प्रत्येकावर दणदणीत गाणी, आणि इकडे माझे दोन पाय त्याच ठेक्यावर ठणकत. चौथ्या रात्री ट्रॅक्टर तेवढेच होते, ठेका कमी झाला.

पण खरी परीक्षा ठणक्याची नव्हती, संडासाची होती. आमच्याकडे बैठकीचा. उकिडवं बसायचं म्हणजे सगळा भार पंजावर, आणि पंजावर तर सहा आठवडे भार द्यायची बंदी. आमच्या यांनी प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध गोल भोक पाडलं, कडा मेणबत्तीने गुळगुळीत केली आणि खुर्ची बरोबर जागेवर बसवली. मी त्यांना लग्नात बघितलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच नीट बघितलं. आंघोळीला खताच्या गोणीच्या आतली प्लास्टिकची पिशवी पायावर चढवायची आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची. एकदा पट्टी सैल राहिली आणि ड्रेसिंग भिजलं. नवऱ्याने विचारलं, “सैल कशी राहिली?” मी म्हणाले, “वापरून.”

चालायला दवाखान्यातून एक खास बूट मिळतो, दोन्ही पायांना. त्याला पुढे तळ असतो तो अधांतरी, सगळं वजन टाचेवर. म्हणजे तुमची सँडल नेमकी उलटी केली की हा बूट. तुमच्यात टाच वर आणि सगळा भार बोटांवर, यात बोटं वर आणि सगळा भार टाचेवर. मी वॉकर धरून बदकासारखी ओसरीवर आले, तर सासूबाई म्हणाल्या, “अगदी लग्नात चालत आलीस तशी चालतेस गं!” त्या नवरीच्या चालीचं पाहुण्यांनी तेव्हा कौतुक केलं होतं. लाजते म्हणाले होते.

संक्रांतीला मी कुणाकडे जाऊ शकले नाही, म्हणून आळीच माझ्याकडे आली. हळदीकुंकू लावायचं कपाळाला आणि डोळे पायांवर. “काहून कापून घेतलं बाई, चालत तर होतीस!” “आमच्या मावशीला पण होतं, तिनं काहीच नाही केलं. गेली ती हार्टनं.” “स्क्रू गंजत नाहीत का?” एकीने वाण म्हणून वजरी दिली, भाजलेल्या मातीची, टाच घासायची. ती निघाली तेव्हा मी तिच्या पायांकडे पाहिलं. चालली लंगडत, आणि पायांत टोकदार बेली.

टाके दोन आठवड्यांनी निघाले. सहाव्या आठवड्यात एक्स-रेत हाड जुळताना दिसलं आणि पंजा जमिनीला टेकवायची परवानगी मिळाली. पंजा टेकवताना मी पाळण्यातल्या पोरासारखी घाबरले. आता व्यायाम आहेत. अंगठा हाताने वर-खाली करायचा, पायाच्या बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकायच्या. शाळेतली चार पोरं रोज गोट्या घेऊन येतात आणि मोजतात. पहिल्या दिवशी तीन गेल्या, काल एकोणीस. चौघांपैकी एकाने मला हरवायला स्वतःच्या पायाने एकतीस टाकल्या. तो अनवाणीच येतो. मी त्याच्या पायांकडे फार वेळ बघत राहिले, तर तो लाजून पाय मागे घ्यायला लागला.

सगळं गोड झालंय असं नाही. डावा छान आहे. उजवा अंगठा पूर्वीइतका वाकत नाही, आणि त्याच्या कडेला रुपयाएवढा भाग बधिर आहे, मुंगी चढली तरी कळत नाही. संध्याकाळी सूज येते, ती सहा महिनेही राहू शकते म्हणतात. अंगठे पुन्हा वाकडे होणारच नाहीत, असंही कोणी लिहून दिलेलं नाही. पण परवा आंघोळ करून ओल्या पायांनी शहाबादी फरशीवर चालले आणि मागे वळून पाहिलं. आम्ही महालक्ष्म्यांना मूठ टेकवून, बोटांचे ठिपके देऊन लक्ष्मीची पावलं काढतो, त्यातला मोठा ठिपका जिथे असतो ना, तिथेच माझाही उमटला होता. सुकेपर्यंत मी कोणाला त्यावरून जाऊ दिलं नाही.

आता कामाचं बोलते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभर ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय मोजले. निघालं काय, तर आपले पाय युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद असतात. म्हणून आपल्यासाठी वेगळी मापं ठरवली, त्यांना नाव दिलं ‘भ’, भारताचा भ. ही मापं तुमच्या माळ्यावर येतील तेव्हा येतील. तोवर एवढं करा: गिऱ्हाइकाला उभं करून दोन्ही पायांचं माप घ्या, दोन्ही सारखे नसतात. दुपार उलटल्यावर घ्या, तेव्हा पाय फुगलेले असतात. आणि सहा संपला असेल तर “सहा संपला” म्हणा. बस. तेवढ्याने दुकान बुडत नाही. पुढे उघड्या, अंगठ्यात अडकवायच्या आपल्या कोल्हापुरीची नक्कल मिलानच्या फॅशन शोमध्ये २०२५ साली मोठमोठ्या लोकांनी मिरवली. तुमच्याकडे ती कायम खालच्या खणात, धुळीत असायची, कारण तिच्यात नफा कमी.

पत्राचं खरं कारण आत्ता सांगते. मुलगी पुण्यात आहे. गेल्या रविवारी तिने व्हिडिओ कॉल लावून इंटरव्ह्यूसाठी घेतलेला जोड दाखवला. काळा, चकचकीत, पुढे निमुळता. तिचा अंगठाही थोडा कललेला आहे, लहानपणापासून मला दिसतो, मी कधी बोलले नाही. मी विचारलं, टोचत नाही का गं? ती म्हणाली, “थोडा टाइट आहे मम्मी. होईल सैल वापरून.”

हे ती तुमच्याकडून शिकलेली नाही, भाऊ. तुमचं दुकान तिने पाहिलेलंही नाही. ती हे माझ्याकडून शिकली. दर पावसाळ्याच्या सुरुवातीला तिचे शाळेचे बूट घेताना मी तुमच्याच आवाजात हे बोललेली आहे.

जोड तिने अजून परत केलेला नाही. मी रोज फोन करते आहे.

कळावे, लोभ असावा, अंतर मात्र राखावे.

आपली जुनी गिऱ्हाईक,
पाच नंबरवाली ताई

ता. क. – परवा गोट्यांची वाटी शोधताना माळ्यावर तो लग्नाचा जोड सापडला. साईचा रंग आता ताकासारखा झालाय. पाय घालायची हिंमत नव्हती, हात घालून पाहिला. टोकाशी बोटं अडकली. चामडं तुम्ही म्हणालात तसं अस्सल आहे. अजून सैल झालेलं नाही.